सकाळी ठरलं, संध्याकाळी भरीत: घरच्या घरी ऐनवेळची पार्टी

नाताळच्या सुटीत आमच्याकडे एक फोन हमखास येतो. सुरतेहून किंवा नाशिकहून निघालेली गाडी धुळ्याच्या पुढे आलेली असते आणि पलीकडून आवाज येतो, "वहिनी, आज तुमच्याकडेच मुक्काम. सोबत अजून दोघं-तिघं आहेत बरं का." घड्याळात दहा वाजलेले असतात. फ्रिजमध्ये अर्धा कोबी आणि कालचं वरण. अशा वेळी नव्यानं संसार मांडलेल्या किंवा बदली होऊन जळगाव-भुसावळकडे आलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. शेजारच्या मुली मला विचारतातही, "काकू, एवढ्या लोकांचं एका दिवसात कसं करायचं?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. हिशोब बारा माणसांचा धरला आहे, येणारे पाहुणे आणि आपण फोन करून बोलावलेली जवळची माणसं मिळून. घरात दोन शेगड्यांचा गॅस आणि हातात आठ तास.

माझं सांगणं एवढंच की पदार्थ एकच करा, भरीत. आणि ते पाहुणे यायच्या आधी करून ठेवू नका, ते आल्यावर त्यांच्यासोबत करा.

हे मला उशिरा कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात मी एकटीनं शेवभाजी, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, भात आणि गोडाचा शिरा असा बेत केला होता. रात्री दहापर्यंत ओट्याशी उभी होते. बाहेरच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते आणि मला त्यातलं एक वाक्यही ऐकू येत नव्हतं. माझी मामेबहीण चार वर्षांनी भेटायला आली होती, ती निघताना दारात दोन मिनिटं भेटली तेवढीच. पुढच्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "तू फक्त वांगी आणि लसूण आणून ठेव. बाकीचं ते येऊन करतील." त्या दिवसापासून आमच्याकडे असंच चालतं.

फोन करण्याआधी कॅलेंडर बघा

डिसेंबरात मार्गशीर्ष असतो. त्यातल्या गुरुवारी कितीतरी घरांत बायकांचा उपास असतो आणि संध्याकाळचं जेवण कांदा-लसणाशिवाय. एकादशी आली तर तीच अडचण. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर आधी उघडा. गुरुवार असेल तर बेत शुक्रवारवर ढकला, किंवा ज्यांचा उपास आहे त्यांचं वेगळं काय करायचं ते ठरवूनच बोलवा. आयत्या वेळी एखादी बाई ताटावर बसून "मला फक्त दही द्या" म्हणते तेव्हा यजमानाला आणि तिला, दोघांनाही अवघड होतं.

वांग्याचा नियमही माहीत असू द्या. जुन्या घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मग वांगं सुरू होतं. नाताळपर्यंत चंपाषष्ठी बहुतेक होऊन गेलेली असते, त्यामुळे डिसेंबरचा शेवटचा आठवडा भरतासाठी अगदी मोकळा. बाजारात वांगीही तेव्हाच सगळ्यात चांगली येतात.

बोलावताना वेळ आठची देऊ नका, पाचची द्या. "जेवायला या" म्हणण्यापेक्षा "भरीत करायला या" म्हणा. अमळनेरकडच्या माझ्या आत्या फोनवर एवढंच म्हणायच्या, "आज भरीत शे, या." त्यात सगळं आलं. खानदेशातल्या माणसाला हे ऐकल्यावर आपण कामाला चाललो आहोत हे कळतं आणि तो आनंदानं येतो. बाहेरच्या माणसाला मात्र स्पष्ट सांगा: जुने कपडे घाला, हाताला वास लागेल, गच्चीवर थंडी असेल म्हणून स्वेटर आणा. आमच्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या खालीही उतरतो. दिवसाच्या उन्हावर जाऊ नका.

वांगी निवडणं

अकरापर्यंत बाजारात पोचा. दुपारनंतर उरतात ती इतरांनी दाबून बाजूला ठेवलेली.

भरताचं वांगं जांभळं नसतं. इथलं वांगं हिरवं, त्यावर पांढरट रेषा, आकारानं मोठं. बामणोदचं वांगं सगळ्यांना माहीत आहे, तसंच आसोदा-भादली भागातलंही. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. नाशिक-पुण्याकडून नव्यानं आलेली माणसं सवयीनं काळी-जांभळी वांगी उचलतात. त्यांचंही भरीत होतं, पण सालीचा आणि बियांचा फरक पडतो, आणि इथल्या पाहुण्याला तो पहिल्या घासाला कळतो.

निवडताना आकार बघा आणि मग हातात तोलून बघा. दोन सारख्या आकाराच्या वांग्यांतलं हलकं वांगं घ्या. जड वांग्यात बी जास्त भरलेलं असतं, आणि बी म्हणजे कडवटपणा. साल तुकतुकीत हवी, देठ हिरवागार आणि लांब हवा. देठ मोडलेलं वांगं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, कारण भाजल्यावर सोलताना धरायला तोच देठ लागतो. प्रत्येक वांगं फिरवून बारीक भोक आहे का ते बघा. भोक दिसलं की आत अळी असणार. भाजीवाल्या मावशींना "भरताची द्या, बी नसलेली" असं नुसतं सांगितलं तरी त्या निवडून देतात. पहिल्या वेळी त्यांच्यावरच सोपवा आणि त्या कशी निवडतात ते बघून घ्या.

किती घ्यायची? भरीत हेच जेवण असल्यामुळे लोक भाजीसारखं चमचाभर घेत नाहीत, वाटीनं घेतात. माणशी पाव किलोच्या वर, तिसरा हिस्सा किलो धरा. बारा जणांना चार किलो. भाजून, सोलून, पाणी निघून गेल्यावर ढीग अर्ध्यावर येतो, हे लक्षात ठेवा.

त्याच फेरीत पाव किलो हिरवी मिरची (सगळी लागणार नाही, पण ताटात तळलेली वाढायला उरते), पाव किलो लसूण, कांद्याच्या पातीच्या चार मोठ्या जुड्या, कोथिंबिरीच्या दोन, पाव किलो शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याची एक मोठी वाटी, लिंबं, मुळे आणि डझन-दीड डझन पिकलेली केळी. केळी कशाला ते पुढे सांगते. लसूण गावठी मिळाला तर बारीक कुड्यांचा घ्या. सोलायला वेळ लागतो, पण सोलायला माणसं येणारच आहेत.

पुरी की कळण्याची भाकरी

भरतासोबत कळण्याची भाकरी ही खरी जोडी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. आम्ही चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घेतो आणि दळतानाच मीठ घालतो. अकराच्या आत गिरणीवर डबा पोचला तर दुपारी पीठ हातात मिळतं. पण बारा जणांच्या भाकरी थापणं हे नवख्याचं काम नव्हे. उडदामुळे पीठ चिकट होतं, भाकरी हाताला लागते, आणि एक जण सबंध संध्याकाळ तव्यापुढे अडकतो. पाहुण्यांत कुणी सराईत आत्या-मामी असेल आणि तिला आवड असेल तरच कळणा करा, तोही सगळ्यांना एकेक मिळेल एवढाच.

पहिल्या वेळी पुरी करा. जळगावात भरीत-पुरी हे समीकरण आहेच. दीड किलो कणीक, मीठ, थोडं तेलाचं मोहन, आणि पीठ घट्ट मळा. सैल मळलेल्या पुऱ्या तेल पितात. पीठ साडेसहाला मळायला घ्या, आधी नको. पुऱ्या तळायचं काम दोघांना द्या, एक लाटणार आणि एक तळणार. तळायला बसायचं ते भरीत फोडणीला पडल्यावर. हिवाळ्यात पुरी दहा मिनिटांत गार होऊन चिवट होते.

हेही जमत नसेल तर हिवाळ्यात शहरात ठिकठिकाणी भरीत विक्रीची दुकानं लागतात, तिथून पुऱ्या तेवढ्या आणा. त्यात कमीपणा काही नाही. भरीत मात्र घरी करा, कारण बोलावलं ते त्यासाठी आहे.

भाजणं

साडेपाचला वांगी आगीवर गेली पाहिजेत. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि वांगं आतपर्यंत शिजलं की नाही हे अंधारात ओळखता येत नाही. पाहुण्यांना पाच वाजता बोलवायचं दुसरं कारण हेच.

खरी चव कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर येते. काड्यांची आग भडकून पेटते, लवकर खाली बसते आणि साल एकसारखी जळते. शेतावर ओळख असेल तर एक भारा मागवून घ्या. काड्या कडकडीत वाळलेल्या हव्यात, ओल्या असतील तर नुसता धूर होतो आणि भरताला धुराचा उग्र वास बसतो. तुरीच्या काड्याही चालतात.

गच्चीवर आग करायची असेल तर लादीवर थेट पेटवू नका, तडे जातात. खाली विटा लावा, त्यावर माती किंवा वाळूचा चांगला जाड थर द्या, मग काड्या. कपड्यांच्या दोऱ्या आधी काढा, पाण्याच्या दोन बादल्या भरून जवळ ठेवा, आणि लहान मुलांना आगीपासून चार पावलं लांब बसवा. कपाशीच्या काड्या पहिल्या दोन मिनिटांत माणसाच्या कमरेएवढ्या भडकतात, नवखा माणूस दचकून मागे सरतो. ओढणी, पदर, लोंबणारी शाल खोचून घ्या. वारा जोराचा असेल तर गच्चीवरचा बेत सोडून द्या. इमारतीत राहत असाल तर आधी परवानगी विचारा आणि वरच्या मजल्यावरच्यांना धुराची कल्पना द्या. आम्ही शेजारी नंतर वाटीभर भरीत पाठवतो, मग पुढच्या वर्षी तेच विचारतात, "औंदा कधी?"

वांग्यांना आधी सुरीनं किंवा काट्यानं चार-पाच ठिकाणी टोचा. न टोचलेलं वांगं आत वाफ कोंडून फुटतं आणि गरम गर अंगावर उडतो. मग ती सरळ आगीत ठेवा, देठ बाहेरच्या बाजूला. लांब चिमट्यानं किंवा काठीनं फिरवत राहा. साल सगळीकडून काळी पडली, वांगं लुळं पडलं आणि देठाजवळ दाबल्यावर मऊ लागलं की काढा. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, तिथेच फसगत होते. आगीवर एकदम टाकलेली चार किलो वांगी अर्ध्या तासात होतात.

गॅसवर करायची तर बर्नरभोवती फॉईल लावून घ्या, मध्यम आचेवर एकेक वांगं दहा-पंधरा मिनिटं फिरवा. दोन शेगड्यांवर दहा-बारा वांग्यांना तास-सव्वा तास धरा. सालीला तेलाचा हात लावला तर ती चांगली सुटते. काड्यांचा वास येणार नाही, पण भरीत चांगलंच होतं. फ्लॅटमधल्यांनी मन खट्टू करून घेऊ नये.

आगीभोवती जे बोलणं होतं, ते दिवाणखान्यात होत नाही. आमचे दोन चुलत दीर काही वर्षं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. एकदा दोघांच्या हातात एकेक चिमटा दिला. वांगी उलटता उलटता "ते कच्चं आहे", "नाही, झालं" असं सुरू झालं आणि तासाभरात दोघं त्यांच्या लहानपणीच्या मळ्यावर पोचले होते. मी काही मुद्दाम जुळवून आणलं नव्हतं, पण तेव्हापासून चिमटे नेहमी दोन ठेवते.

कामं वाटून देणं

पाहुणे आले की पहिल्या दहा मिनिटांत चहा द्या आणि चहासोबतच काम द्या. उशीर केला की माणसं मोबाइल काढून बसतात आणि मग उठवणं जड जातं. वडीलधाऱ्या बायकांना सतरंजीवर बसवून लसूण आणि मिरच्यांची देठं. पात चिरायला ज्याचा हात सुरीवर बसलाय तो. मुलांनी शेंगदाणे निवडायचे, पाणी, ताटं वर न्यायची. आग सांभाळायला एकच जबाबदार माणूस नेमा, चार जण फुंकर घालायला लागले की राख उडते.

जावयाला किंवा साहेबांना काम कसं सांगायचं, असं एकीनं विचारलं होतं. सोलायला सांगा. "दाजी, तुमचा हात गरम सहन करणारा दिसतोय," एवढं म्हटलं की पुरे.

सोलणं, ठेचणं, फोडणी

वांगी गरम असतानाच सोलायची. देठ धरून उभं धरा आणि साल वरून खाली ओढा. बोटं अधूनमधून गार पाण्यात बुडवा, पण वांगं नळाखाली धुऊ नका, भाजल्याची सगळी चव वाहून जाते. थोडी काळी साल राहिली तर राहू द्या. सोललेली वांगी मोठ्या चाळणीत दहा मिनिटं ठेवा, कडवट पाणी निथळून जाईल. एखादं वांगं आत काळं-तपकिरी किंवा फार बियांचं निघालं तर ते मोह न धरता बाजूला काढा. एक खराब वांगं चार किलोंची चव घालवतं.

आता ठेचणं. जुन्या घरांत यासाठी लाकडाची बडगी असते, होडीसारखी खोलगट, आणि लाकडी मुसळीनं त्यात भरीत ठेचतात. ती नसेल तर जाड बुडाचं पातेलं आणि लाकडी दांडा किंवा बटाटे कुस्करायचं यंत्र घ्या. मिक्सर लावू नका. मी एकदा घाईत लावला होता. बिया दळल्या जाऊन भरीत कडू झालं आणि गर चटणीसारखा पातळ. भरतात वांग्याचे धागे लागले पाहिजेत.

मिरच्याही वांग्यांबरोबर निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजून घ्या आणि लसूण-मीठ घालून भरड ठेचा. चार किलो वांग्यांना शंभर-सव्वाशे ग्रॅम मिरची आमच्याकडे मध्यम समजतात. बाहेरचे पाहुणे असतील तर निम्म्यावर थांबा आणि उरलेला ठेचा वाटीत वेगळा ठेवा. मुलांसाठी साधं भरीत ठेचा पडायच्या आधीच काढून ठेवा. नंतर तिखट कमी करता येत नाही.

मोठ्या कढईत पाव लिटर तेल. तेलाला हात आखडू नका, भरीत कोरडं लागतं. आधी शेंगदाणे आणि खोबऱ्याचे पातळ काप तळून घ्या, मग जिरं, मग ठेचा. ठेच्याचा ठसका घरभर होतो, खिडक्या उघड्या असू द्या. त्यावर निम्मी पात दोन मिनिटं परता, मग ठेचलेलं वांगं घालून पाच-सात मिनिटं हलवा. मीठ चाखून घाला, ठेच्यात आधीच आहे. गॅस बंद केल्यावर उरलेली कच्ची पात आणि कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला नाही. खानदेशी भरीत हिरवं असतं. काही घरांत फोडणीही देत नाहीत, ठेचलेल्या वांग्यात ठेचा, पात आणि वरून कच्चं तेल घालून तसंच खातात. माझ्या सासऱ्यांना तेच आवडायचं. एक वाटीभर तसं काढून बघा.

पंगत

साडेसातला बसा. केळीची पानं इथे सहज मिळतात, ती असली की भांड्यांचा प्रश्नच मिटला. पानावर भरीत, पुरी, चिरलेला कांदा-मुळा, लिंबू, तळलेली मिरची, भाजलेला उडदाचा पापड. घरात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, असतील तर तेही भाजा. मठ्ठा मोठ्या पातेल्यात करून ठेवा, तिखटावर तोच उतारा.

गोडाला शिकरण. दूध, साखर, केळ्याचे काप आणि चिमूटभर वेलची, पाच मिनिटांचं काम. पुरीसोबत मुलं त्यावरच जेवतात, आणि वांगं न खाणाऱ्याचंही पोट भरतं. केळी पान वाढायच्या वेळीच कापा, आधी कापलेली काळी पडतात. वांगं न खाणारे दोघं-तिघं असतील तर त्यांना शेवभाजी करा: आमटीचा रस्सा दुपारीच करून ठेवा आणि शेव वाढताना घाला, म्हणजे गाळ होत नाही.

यजमानानं पहिल्या पंगतीला बसावं. आमच्यात बाई शेवटी जेवायची रीत होती, ती या एका दिवशी तरी मोडा. पुऱ्या तळणारे दोघं दर वीस मिनिटांनी बदला, म्हणजे कुणीच शेवटचा राहत नाही.

आवरताना

उरलेलं भरीत रात्रीच डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, थंडी आहे म्हणून ओट्यावर सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या भाकरीबरोबर संपवून टाका. परतणाऱ्यांना डब्यात देणार असाल तर जवळच्यांनाच द्या, लांबच्या प्रवासाला भरीत टिकत नाही.

निखाऱ्यांवर झोपण्याआधी पाणी मारा आणि काठीनं उकरून पुन्हा एकदा मारा. वरून विझलेली राख आत रात्रभर जिवंत असते. विटांना त्या रात्री हात लावू नका, सकाळी उचला.